पळणाऱ्याचं दूध

मुक्काम पलूस
माघ महिना, सन १९४४

तीर्थरूप तात्याबा मामांच्या पायांवर सिद्धूनं लांबनंच डोकं टेकलंय, ते टेकलं असं समजून घ्यावं.

आदी माफी मागून घेतो. लिवण्यात चुका लय असत्याल. मास्तर ऱ्हस्व-दीर्घ शिकवायला लागलं आन त्याच टायमाला माझी शाळा सुटली, तवा जितं येलांटी चुकल्यागत दिसंल तितं तुमी मनानंच हिकडची तिकडं करून वाचा. आन माझा हात लय सावकाश चालतो. एक ओळ लिवून हुईपतूर पायानं मी गावाची शीव गाठून माघारी यीन. (पायाचं आन हाताचं माझ्या अंगात जमत न्हाई, भाऊबंदकी हाय.) टाक बुडवायचा, झटकायचा, डाग पडला की जिभंनं चाटायचा, ह्यातच सकाळ गेली. वर धाकट्या धुळ्यानं एकदा दौत लवंडली, म्हणून कागदाच्या कडंला जे निळं तळं दिसतंय त्ये माझ्या मजकुरातलं न्हाई.

तुमची तब्येत कशी हाय? मनुबाई मामींचं गुडघं थंडीनं कुरकुरत्यात का? साताऱ्याच्या थंडीला डोंगराची धार असती असं आई म्हणती, तवा कानाला बांधत जावा. हिकडं समदी खुशाल हाईत. आबा खुशाल. आई खुशाल. सुली खुशाल. म्हैस खुशाल. धुळा तर इतका खुशाल हाय की बगवत न्हाई. खुशाल न्हाई त्यो मी एकटाच, आन मामा, राग मानू नगा, पर त्येला कारण तुमी हाईसा.

तोंडावर म्या हे कवाच बोललो नसतो. तोंडावर मी काईच बोलत न्हाई, हे तुमास्नी ठावं हाय. चौथीत मास्तर म्हणायचं, 'सिद्धू, उभा ऱ्हा आन बोल.' मी उभा ऱ्हायचो. बोलायचं ऱ्हाऊन जायचं. असं उभं ऱ्हाण्यात अख्खं वरीस गेलं, तवा आबा म्हणालं, उभंच ऱ्हायचं असंल तर उसात ऱ्हा, पाखरं तरी भितील. झाली शाळा. पर तुमी मागं जत्रंला आलतासा आन नेमकी तवाच म्हैस दावं तोडून सुटली. मी तिच्या मागं पार आंधळीच्या माळापतूर गेलो, तिला वळीवली, माघारी आणली. म्हैस दारात येऊन मटकन बसली आन मी उभा. तवा तुमी पारावर, समद्या गावाम्होरं, मिशीवर हात फिरवून आबांस्नी म्हणालासा, 'गुंडा, ह्या पोराच्या छातीत लव्हाराचा भाता हाय. ह्येला पळव.' पलटणीत शर्यत पळालेल्या माणसाचा शब्द. आबांनी त्यो देवाचा कौल म्हणून उचलला. तुमी दुसऱ्या दिशी साताऱ्याला गेलासा. मी हितंच ऱ्हायलो, भात्यासकट.

पळायचं मला आवडलं, ह्ये खोटं सांगत न्हाई. पळणाऱ्या माणसाला कुणी थांबवून 'काय रं, कुणाचा तू, काय करतूस, बोलत का न्हाईस' असं इचारत न्हाई. निदान म्या तसं समजत हुतो. पहाटंचं उठावं, धोतराचा काचा मारावा, गुळाचा खडा कनवटीला लावावा आन सुटावं. माणूस दिसंपतूर माणसाच्या म्होरं गेलेलं असावं. ह्याच्यापरीस लाजऱ्या माणसाला काय पायजे?

पर खुराकानं घोळ केला. आपल्या हिकडं घरात पैलवान असला की म्हशीची धार आदी त्येच्या चरवीत पडती, मग घरात, मग इकायला. ह्ये गावाला कळतं. पळणाऱ्याचं दूध मातुर गावानं पयल्यांदाच ऐकलं. आबांनी चरवी माझ्या हातात दिली त्या दिसापासनं शेजारची रंगूबाई कुडाच्या वरनं बगायला लागली. म्हणायची, 'गुंडा भावजी, पैलवानाचं दूध अंगावर दिसतं. ह्येचं कुटं दिसतंय? ह्यो तर समदं वाटंवर सांडून येतुया.' आन मामा, खरंच मी दूध पिऊन पिऊन आदीच्यापरीस वाळत गेलो. सुली माझ्या चरवीकडं बगत कोरा च्या पेती. धुळा माझ्यापरीस धाकटा, पर आडवा वाढलाय, तालमीत जातो, त्येला उरलेलं ताक. समदं घर एकवेळ गप बसलं असतं, पर आबांनी पारावर अट घातली. 'एक शर्यत पळून दाव. पयला ये न्हाईतर शेवटचा ये, पर माणसांसंगं पळून ये. चैताच्या जत्रंपतूर न्हाई जमलं, तर चरवी धुळ्याची आन तू उसात.' दूध गेलं तर गेलं, मामा. पर चरवी हाय तवर मी पळणारा हाय. चरवी गेली की मी काय, बुजगावणंच.

आता एक शर्यत, ही काय लय मोठी मागणी न्हाई. सोमवारी हाट भरतो तशी जत्रंला शर्यत भरती, असं तुमीच म्हणाला हुतासा. पर तुमी गेलासा आन मागनं मुलखातलं वारं फिरलं. जमावबंदी आली. पाच माणसं एका जागी गोळा दिसली की पोलीस इचारत्यात. आप्पासो (जत्रंचं पंच, तुमच्या संगं इटीदांडू खेळलेलं, आता पोट सुटलंय) म्हणालं, काय हरकत न्हाई, चौघांची शर्यत लावू. तर निशाण दावणारा पाचवा झाला. मग म्हणालं, निशाण दगडावर रोवू. तर ज्ञानू शिंपी उठला. त्यो कुटंबी उठतोच. म्हणाला, 'आप्पासो, पळणारी माणसं म्होरं-मागं हुत्यात, ती गोळा कुटं हुत्यात? चाळीस सोडा की!' आप्पासो म्हणालं, 'लेका, सुटताना तर गोळा असत्यात!' 'मग येकेक सोडा.' 'आन पयला कोण आला, त्ये तुझा बा सांगणार का?' अशी सांजपतूर बाचाबाची झाली, आन त्या पारावर तवा पंधरा-वीस माणसं गोळा हुती ह्ये कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. शेवटाला चौघांचीच ठरली. चौघं कोण, तर पाटलाचा पुतण्या, पुजाऱ्याचा पोरगा, आप्पासोचा मेव्हणा आन दुसरा मेव्हणा. मी पाचवा. मग मेव्हण्यांच्यातच भांडण लागलं आन शर्यत रद्द झाली. आप्पासो म्हणालं, म्होरल्या साली, आन आबांनी बी मुदत म्होरल्या चैतापतूर न्हेली. म्होरलं साल म्हंजे आपल्या गावात देवागत हाय, बगितलं कुणीच न्हाई पर नाव समदी घेत्यात.

मग ठरलं, जत्रंत नगंच, जत्रंबाहीर पळू. पलूसपासनं माधवनगरपतूर लांबची शर्यत. माझं तर काळीज हरकलं. जवळच्या शर्यतीत मी मागंच पडतो, लांबची म्हंजे माझी. पर ह्या वाटंवर निम्मा मुलूख खालसा आन निम्मा संस्थानाचा. काई ठिकाणी तर ओढ्याचं पाणी सरकारचं आन काठावरची बाभळ राजाची. आप्पासोंनी दोनी बाजूंस्नी अर्ज धाडला. संस्थानाकडनं इचारणा आली की खालसातली माणसं आमच्या हद्दीत पळत का येत्यात, त्यांच्या मागं कोण लागलंय? खालसातनं इचारणा आली की ही माणसं हितनं पळून संस्थानात का जात्यात, हितं काय करून ठेवलंय? आप्पासोंनी दोनी ठिकाणी हात जोडून सांगितलं, सायेब, कुणी मागं लागलेलं न्हाई, उगंच पळत्यात. त्येच्यावर दोनी सरकारांचा इस्वास बसला न्हाई. दोन सरकारांचं एकमत झालेली आपल्या मुलखातली एवढी एकच गोष्ट असंल. शर्यत रद्द.

तुमचं कार्ड आलं, 'हिंमत सोडू नको, सराव चालू ठेव, शर्यत आज न्हाई उद्या हुईल.' त्ये कार्ड आईनं देव्हाऱ्याच्या फळीला टोचून ठेवलंय. म्या रोज त्येच्या पाया पडत हुतो. आता पडत न्हाई, पर त्ये म्होरं सांगतो.

तिसरी शर्यत आप्पासोंनी लय डोकं चालवून काढली. अर्ज न्हाई, निशाण न्हाई, आरडाओरड न्हाई. पळणाऱ्यांनी आदल्या दिशी दोघं-चौघं करून माधवनगरला जायचं, कुणाच्या पाव्हण्याकडं पडायचं, पहाटं गिरणीजवळच्या सडकंवर हिकडं-तिकडं पांगून उभं ऱ्हायचं, आन गिरणीचा पहाटंचा भोंगा झाला की पलूसच्या दिशेनं सुटायचं. गिरणीचा भोंगा कुणाच्या बापाचा न्हाई, त्यो रोज हुतोच, त्येला परवानगी नगं. पलूसच्या वेशीत आप्पासो हार घिऊन बसणार. मामा, एवढी अक्कल ह्या गावात पयल्यांदाच बगितली.

आमी गेलो. थंडी म्हंजे अशी की दातावर दात. चौघं लिंबाखाली, तिघं मोरीवर, ज्ञानू शिंपी (त्यो बी आलता, पळायला न्हाई, नेमाधर्मानं चाललंय का बगायला, पर आलाच हाय म्हणून काचा मारून उभा) एका बैलगाडीच्या आडाला. मी लिंबाखाली, एक पाय म्होरं, कान गिरणीकडं. तांबडं फुटलं. भोंगा न्हाई. दिस वर आला. भोंगा न्हाई. एवढ्यात लांबनं मालगाडीची शिट्टी झाली आन ज्ञानू शिंपी सुटला! आमी वरडलो, 'आरं ज्ञानू, ही न्हवं, ही गाडीची!' त्येला वाटलं आमी मागनं यायलोय, त्यो आणीक जोरात पळाला. दिसंनासा झाला. आमी नेमानं उभं. मग एक म्हातारी मुळ्याची पाटी घिऊन आली, साळूबाई म्हणून, ती बराच येळ आमच्याकडं बगून म्हणाली, 'लेकरांनो, कुणाचं मयत हाय का?' आमच्यातल्या एकानं सांगितलं, भोंग्याची वाट बगतोय. म्हातारी हसून हसून पाटीवर बसली. 'आरं कसला भोंगा! कोळसा न्हाई म्हणून दिवाळीपासनं भोंगा बंद हाय. आता मुकादम घरोघर कडी वाजवत फिरतोय.'

एकेक करून समदी निगून गेली. कुणी पाव्हण्याकडं जेवायला, कुणी मोटारीनं. मी वाईच येळ उभा ऱ्हायलो. का, ह्ये इचारू नगा. वाटलं, कोळसा यील बी.

आन तिकडं पलूसला काय झालं, तर ज्ञानू शिंपी उन्हं तापल्यावर धापा टाकत, निम्मं अंतर चालत, वेशीत पोचला. आप्पासोंनी त्येच्या गळ्यात हार घातला. बाकीची कुटं हाईत म्हणल्यावर म्हणाला, लय मागं हाईत. आमी आल्यावर उलगडा झाला, हार काढून घेतला, 'भोंग्याबिगर शर्यत न्हाई' म्हणून रद्द केली. समदं गाव ज्ञानूला हसलं. पर मामा, म्या न्हाई हसलो. चुकून का हुईना, त्यो पळाला तरी. एवढी वरसं दूध पिऊन मी लिंबाखाली उभा, शाळंतल्यागत, आन ज्यानं जलमात कवा सराव केला न्हाई त्येच्या गळ्यात घटकाभर हार पडला. आबांनी इचारलं, 'तू का सुटला न्हाईस?' मग त्येच म्हणालं, 'नेम पाळणाऱ्याला गाव कवा हार घालत न्हाई, लेका.'

तरी सराव सोडला न्हाई. तुमचं कार्ड हुतं ना. पर माणूस बिनशर्यतीचं किती पळंल? म्होरं कुणी न्हाई, मागं कुणी न्हाई. सुरवातीला मी बाभळींसंगं पळायचो, मनात म्हणायचो त्या बाभळीच्या आदी म्होरल्या बाभळीला पोचायचं. पर बाभळ हरली तरी तिला कळत न्हाई. मग मालगाडी धरली. लढाईचा माल भरून ती चढाला अशी कण्हत जाती की म्हातारा माणूस बी संगं चालंल. रुळाच्या कडंनं मी तिच्यासंगं पळायचो. शेवटच्या डब्यात गार्ड असतो, त्यो एक दिस हसला. दुसऱ्या खेपंला त्येनं हिरवं निशाण माझ्याकडं हलवलं. ह्या समद्या मुलखात मला निशाण दावणारा त्येवढा एकच. त्येचं नाव ठावं न्हाई. त्यो बी काय बोलला न्हाई, मी बी न्हाई. लय बरं वाटायचं.

त्ये बी सरकारनं बगितलं. रुळाच्या कडंनं पळणारं पोरगं ह्या दिसांत म्हंजे काय, तुमी जाणतासा. रूळ उखडत्यात, तारा तोडत्यात, निरोप न्हेत्यात. पुलाजवळ हवालदारानं धरलं.

'कुणाचा निरोप न्हेतोस?'

'कुणाचा न्हाई.'

'मग पळतोस कशाला?'

'शर्यत हाय.'

'कवा?'

'रद्द झाली.'

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, 'रद्द झालेल्या शर्यतीसाठी पळतोस व्हय रं?'

मामा, एवढ्या वरसांत माझ्याबद्दल नेमका प्रश्न इचारला असंल तर त्या परक्या हवालदारानं. मग त्येनं झडती घेतली. कनवटीचा गुळाचा खडा निघाला. त्यात चिठ्ठी असंल म्हणून त्येनं फोडला. चिठ्ठी न्हवती. तरी त्येनं बारीक तुकडं करून, येकेक तोंडात घालून, पूर्ण खात्री करून घेतली. मला चौकीवर बसवलं. आबा आलं, हात जोडून म्हणालं, 'सायेब, येडं हाय त्ये. लहानपणापासनं.' आन बगा, दोन सरकारांनी आप्पासोंवर इस्वास ठेवला न्हाई, पर आबांवर हवालदारानं लगीच ठेवला. मी बी मुका आन आबा बी, असं आमी दोघं घरला आलो, सुलीला वाटलं कुणीतरी मेलं.

आता चौकीवर बसून आलेलं पोरगं न मारता सोडलं, ह्येचा दुसरा अर्थ बी निघतो. त्यो सरकारशी लढाय रानात लपलेल्या माणसांनी काढला. आठवडा गेला नसंल, मी माळावरनं येताना उसातनं चौघं निगाली. तोंडाला फडकी. (चौघंच. जमावबंदी ती बी पाळत्यात का काय.) एकजण म्हणाला, 'चौकीत काय सांगून आलास?' आवं, मला आप्पासोंम्होरं बोलता येत न्हाई, तोंडाला फडकं बांधलेल्या माणसाम्होरं काय बोलणार? 'तळवं दाव,' म्हणाला. फितुराचं तळवं काठीनं फोडत्यात, त्ये तुमी साताऱ्यात ऐकलं असंल. मामा, माझ्या अंगात धड हाईत तर दोन पायच. बाकीचं समदं, म्हंजे तोंड, डोकं, नशीब, मोडकंच हाय. म्हणलं, आता ती बी जात्यात. बांधावर बसलो, पाय वर केलं. म्होरक्या वाकला. तळव्यांला भेगा, घट्टं, जुनं कुरूप, आत मोडल्यालं काटं, ठेचंनं काळी नखं. त्येनं बराच येळ बगितलं, बोटानं दाबलं. मग उठून म्हणाला, 'सोडा ह्येला. ह्येचं आदीच झालंय.'

दुसरा म्हणाला, 'कुणी केलं पर?'

'आपल्यातलंच कुणीतरी. चांगलं झालंय.'

मला बोलायचं हुतं की ह्ये पळून झालंय, बिनचपलीचं, सरावानं, माझं मलाच. एवढंच बोलायचं हुतं. गप बसलो त्येलाच त्यांनी कबुली धरली आन उसात गेली. पाय वाचलं, मामा, पर गावात दुसऱ्या सकाळी समद्यास्नी ठावं हुतं की गुंडाच्या सिद्धूच्या तळव्यांचं झालंय, म्हंजे काईतरी केलं असणारच. आता मी पारापाशी आलो की बोलणं थांबतं. हिरीवर बायका घागरी उचलत्यात. रंगूबाईनं बी दुधाबद्दल बोलायचं सोडलंय, कुडाच्या पलीकडनं नुसती खोकती. लहानपणापासनं मला वाटायचं की कुणी माझ्यासंगं बोलू नये. झालं खरं तसं. मागितलेलं देव देतो, पर कसल्या भांड्यात देतो त्ये बगून घ्यावं.

आबांनी मग शेवटचा उपाय काढला. म्हणालं, पळण्याचं राहू दे, ह्येला कुस्ती धरायला लावू, दूध वाया नगं. तालमीत कुस्त्या चालू हाईत, तालमीला भिंती हाईत, आतला जमाव सरकारला दिसत न्हाई. माझ्यासंगं जोड लावली अर्जुनाची. अर्जुना म्हंजे तीन म्हशींचं दूध एका कातड्यात. सलामी झाली. त्यो म्होरं आला, मी मागं सरलो. त्यो डावीकडं, मी उजवीकडं. मग मला काय सुचलं न्हाई, मी पळायला लागलो. हौद्याच्या कडंकडंनं, गोल. त्यो माझ्या मागं. लोक वरडायला लागलं, 'अर्जुना, आरं धर की त्येला!' 'धरू कसा, थांबतोय कुटं त्यो!' 'सिद्धू, चरकाला जुंपू का रं तुला?' मामा, सांगायला लाज वाटती, पर मला बरं वाटत हुतं. माझ्या मागं एक माणूस पळत हुता. कसला बी असंना, जलमातली पयलीच शर्यत. फेऱ्यामागनं फेरं. शेवटाला अर्जुना हौद्याच्या मधी मटकन बसला आन छाती धरून म्हणाला, 'वस्ताद, ह्येला आदी दाव्याला बांधा, मग कुस्ती लावा.' वस्तादांनी निवाडा दिला की अंगाला अंग लागलं न्हाई तवा कुस्ती झालीच न्हाई. रद्द. म्या आबांकडं बगितलं, म्हणलं आता तरी म्हणत्याल, माणसासंगं पळाला. आबा फेटा सोडून तोंड पुसत हुतं.

त्याच आठवड्यात आप्पासो घरी आलं. चैताच्या जत्रंला ह्या साली बी शर्यत न्हाई, ह्ये सांगायला. आन उंबऱ्यात थांबून आबांस्नी हळूच म्हणालं, 'आन म्होरं कवा झालीच, तर सिद्धूला नगं उतरवू. बाकीची पोरं संगं पळाय तयार न्हाईत.' त्या सांजंला आईनं धार काढली आन आबांनी चरवी धुळ्याम्होरं ठेवली. धुळा वाईट न्हाई. त्येनं तळाला घोटभर ठेवून माझ्याकडं सरकवली. म्या पिली न्हाई. मग मांजरानं पिली. मांजर बी शर्यत पळत न्हाई, त्येला कुणी अट घातलेली न्हाई.

तवा मामा, पळायचं म्या सोडलं. पहाटं उठतो, सवय हाय म्हणून, आन अंथरुणात बसून ऱ्हातो. तुमचं कार्ड फळीवरनं काढून सुलीला दिलं, तिनं त्येची घडी घालून आरशाच्या मागं खोचली, आरसा डुगडुगत हुता. त्ये एवढंच उपेगाला आलं. आता माझ्या नावानं आलेल्या नव्या पाकिटात तुमी लिवलंय की तुमी पेन्शनरांनी मिळून फागणात पोवई नाक्यापासनं माहुलीपतूर आन माघारी अशी शर्यत ठरवलीया, सरकार लढाईच्या माणसास्नी नडत न्हाई, आन तुमी माझं नाव दिलंय. त्ये नाव काढून टाका. पायाचं माप मागितलंय, पलटणीतलं बूट कुणाकडनं तरी मिळत्यात म्हणून, ती बी तसदी घिऊ नगा. चांगल्या पोराला द्या. ज्येच्या गावात शर्यती हुत्यात अशा पोराला. दुसऱ्या कुणाच्या छातीत भाता दिसला तर पारावर बोलू नगा, एकट्याला सांगा, आन जमलं तर सांगू बी नगा. माझा तुमच्यावर राग न्हाई. हुता, पर लिवता लिवता शाईसंगट बराचसा सांडला. आता मी उसात हाय. पाखरं भित्यात.

मामींच्या पायावर डोकं. लहानांस्नी आशीर्वाद द्यायचं माझं वय न्हाई, तवा त्यास्नी नुसती आठवण सांगा.

तुमचा भाचा,
सिद्धू गुंडा

ता. क. नाव काढायला तुमास्नी कुणाच्या दारात जावं लागत असंल, चार माणसांत कमीपणा येत असंल, तर राहू द्या नाव. नाव काय खायला मागत न्हाई.

ता. क. पायाचं माप संगंच्या कागदावर काढलंय. काई कारण न्हाई, कोळसा हातात हुता म्हणून. उजवा पाय डाव्याच्या म्होरं वाईच जास्त हाय, तवा माप उजव्याचं धरा.

ता. क. आबा मला साताऱ्याला सोडायचं न्हाईत. तवा तुमी आजारी पडा. लय न्हाई, उठून बसता यील एवढंच. एक कार्ड टाका की धार काढायला कुणी न्हाई, सिद्धूला पंधरा दीस धाडा. शर्यतीचं नाव काढू नगा, आबांची कार्डं ज्ञानू शिंपी वाचून दावतो. मी कराडच्या सडकंनं पायी यीन. अंथरुणात बसून ऱ्हातो असं वर लिवलंय, त्ये रोजचं न्हाई.

ता. क. फागणातली शर्यत रद्द झाली तर मला कळवू नगा. मी निगालेला असंन. तुमी नाक्यावर एकटंच उभं ऱ्हावा आन 'सूट' म्हणा. माहुलीला जाऊन माघारी येतो. संगं कुणी नसलं तरी चालंल, पर सुटताना कुणीतरी म्हणायला पायजे.

ता. क. राहीबाईची कोंबडी काल हिरीत पडली. पाटीनं काढली, जित्ती निगाली. तवापासनं कोंबड्यागत आरवतीया. राहीबाई म्हणती अपशकुन हाय, कापायची. निम्मं गाव मागं लागलंय, पर कुणाला घावंना.